ताप गेला, डाग आले

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या आहेत. माहेर सातारा जिल्ह्यातलं, संसार पिंपरी-चिंचवडला. मिस्टर मूळचे बिहारच्या सारण जिल्ह्यातले, इथे वर्कशॉपमध्ये वेल्डर. चार वर्षांपूर्वी गावी गेले असताना त्यांना महिनाभर ताप आला, पोट फुगलं. पाटण्याला नेल्यावर कालाजार (वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे येणारा, लांबणारा ताप) निघाला आणि त्याच तपासण्यांत एचआयव्हीही. कालाजारावर उपचार झाले, ताप गेला. एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, ते एआरटी केंद्रातून आणतात, एकही चुकवत नाहीत. ताई आणि आठ वर्षांची मुलगी दोघींची तपासणी निगेटिव्ह आहे. आठ महिन्यांपूर्वी मिस्टरांच्या हनुवटीवर फिकट डाग उठले. आता ते गालांवर, छातीवर पसरलेत. नाकावर आणि कानाच्या पाळीवर बारीक गाठीही आल्यात. खाज नाही, दुखत नाही. एका डॉक्टरांनी कोड म्हणून मलम दिलं, दुसऱ्यांना कुष्ठरोगाचा संशय आहे, ते गोळ्या सुरू करू म्हणतात. दोघांनाही एचआयव्हीबद्दल सांगितलेलं नाही, कारण मिस्टरांनी शपथ घातली आहे. कालाजाराचं सांगितलं नाही, कारण ‘तो बरा झाला’. घरात मुलीचं ताट वेगळं झालंय. छठपूजेला मिस्टरांना गावी जायचंय. ताई विचारतात: मुलीला लांब ठेवू का? कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू कराव्या का? शपथ मोडून डॉक्टरांना सांगू का? गावी जाऊ देऊ का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून आणि दुसऱ्यांदा दोन पोरींची आई म्हणून. दोन्ही वेळा डोळे त्या ताटापाशी अडले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ताट आज रात्रीच एक करा. मला या डागांमागे जुन्या कालाजाराचा संशय आहे, का ते पुढे सांगते. कालाजाराचा परजीवी उष्ट्यातून, टॉवेलमधून, मिठी मारल्याने, एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. एका माणसाच्या कातडीतून दुसऱ्याच्या रक्तात जायला त्याला वाळूमाशी लागते. ती डासापेक्षा कितीतरी लहान असते आणि शेणामातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर जमिनीत वाढते. एचआयव्हीही ताटातून लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आणि दुसऱ्या डॉक्टरांचा संशय खरा ठरला, कुष्ठरोगच निघाला, तरी ताट वेगळं करण्याचं कारण नाही. म्हणजे तिन्ही बाजूंनी बघा, त्या वेगळ्या ताटाचा उपयोग एकच: आठ वर्षांच्या पोरीला आपल्या बापाला भ्यायला शिकवणं.

आता डागांकडे वळू. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेलात, ‘कालाजार तर बरा झाला, त्याचं काय सांगायचं’. माझ्या मते सगळा घोळ या वाक्यात आहे. तुम्हाला वाटतंय की लपवलेली गोष्ट एकच, एचआयव्ही. प्रत्यक्षात तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या नाहीत, आणि त्यातली जी बिनमहत्त्वाची समजून सोडून दिली तीच डॉक्टरांना सगळ्यात आधी कळायला हवी होती.

कालाजाराचा ताप उतरतो, वाढलेली प्लीहा (पाणथरी) आक्रसते, माणूस कामाला लागतो. पण काही रुग्णांत परजीवी कातडीत मागे राहतात. सहा महिने, दोन वर्षं, कधी त्याहूनही बऱ्याच काळाने चेहऱ्यावर फिकट डाग उठतात. बहुतेकदा सुरुवात हनुवटीपाशी, ओठांच्या भोवती होते. मग ते अंगभर पसरतात आणि काहींना नाक, कान, ओठांवर गाठी येतात. खाज नाही, दुखणं नाही, ताप नाही. भारतीय उपखंडात कालाजार झालेल्या शंभरांतल्या साधारण पाच ते दहा जणांना असं होतं. डॉक्टर त्याला पीकेडीएल म्हणतात, पोस्ट कालाजार डर्मल लेश्मनियासिस. तुमच्या सासरच्या मुलखात साधं नाव आहे, ‘चमड़ी वाला कालाजार’. तिथल्या आशाताईंना हे नाव पाठ असतं. आपल्या इथे चांगला शिकलेला त्वचारोगतज्ज्ञसुद्धा आयुष्यात एखादा रुग्ण पाहतो किंवा पाहतच नाही.

हा नवा शोध नाही हो. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कालाजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध बनवलं आणि त्यातून उठलेल्या रुग्णांच्या अंगावर असे डाग येतात हेही त्यांनीच 1922 मध्ये लिहून ठेवलं. शंभर वर्षं झाली. पण कालाजार बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशचा पूर्व भाग इथेच राहिला. वाळूमाशी आपल्याला अगदीच परकी नाही; नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाचा जो विषाणू 1965 मध्ये सापडला, तो तिच्यामार्फतच पसरतो. कालाजार मात्र महाराष्ट्रात पसरत नाही, म्हणून इथल्या ओपीडीत तो कुणाच्या मनात येत नाही. फिकट डाग म्हटलं की आधी कोड, मग सुरमा (बुरशीचे डाग), मग कुष्ठरोग. महाराष्ट्रात कुष्ठरोग अजून आहे, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना त्याची शंका आली यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना अर्धीच हकीगत मिळाली. मला स्वतःलाही, नुसते डाग दाखवून गाव सांगितलं नसतं तर हेच वाटलं असतं.

आणि एचआयव्हीने यात काय फरक पडतो? बराच. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती परजीवींना दाबून ठेवते. पूर्ण मारत नाही, पण डोकं वर काढू देत नाही. एचआयव्हीत हा पहारा ढिला पडतो. मग कालाजार पुन्हा पुन्हा उलटतो आणि कातडीतले डागही वेगळे दिसू शकतात: जास्त पसरलेले, जास्त गाठींचे, कधी नेहमीच्या जागा सोडून भलतीकडेच. काहींना डाग ताप गेल्यावर येत नाहीत, तापाच्या बरोबरच येतात. आणि एक उलटी गंमतही होते. एआरटी सुरू झाल्यावर पहारेकरी जागे होतात, कातडीत लपलेल्या परजीवींशी त्यांची झुंज लागते आणि त्या झुंजीमुळेच डाग उठतात. तेव्हा डाग म्हणजे प्रकृती ढासळली असं लगेच धरू नका. पण डाग म्हणजे नुसतं कातडीचं दुखणं, असंही धरू नका. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत खरा प्रश्न हा आहे की परजीवी फक्त कातडीत आहेत की प्लीहेत, अस्थिमज्जेतही परत जागे झालेत. मलम लावून याचं उत्तर मिळत नाही.

माझं निदान चुकीचंही असू शकतं, ताई. पत्रावरून डाग दिसत नाहीत. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या अंगावर गाठी येण्याची दुसरी कारणंही बरीच आहेत: काही बुरशीजन्य आजार, सिफिलीस, मोलस्कम नावाचा विषाणूजन्य आजार. कुष्ठरोग आणि कालाजाराचे डाग एकाच माणसात असल्याचंही घडतं. त्यामुळे मी तुम्हाला आजाराचं नाव देत नाही, तपासणीचं नाव देते.

कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू कराव्या का, हे तुम्ही विचारलंत. तपासणी होईपर्यंत थांबा. त्या गोळ्या वाईट नाहीत, उत्तम आहेत, पण सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या असतात. आजार दुसराच असला तर तेवढं वर्ष फुकट जातं. ढोबळ फरक सांगते. कुष्ठरोगाच्या फिकट डागावर बऱ्याचदा स्पर्श कळत नाही, कालाजाराच्या डागावर कळतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, हा नुसता फिका. पण घरी सुई टोचून निदान करत बसू नका. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही स्पर्श बराच काळ शाबूत राहतो. कानाच्या पाळीला किंवा गाठीला बारीक चीर देऊन पाझर काचपट्टीवर घेतात. तीच चीर, तोच पाझर, फक्त रंगवायची पद्धत वेगळी: एका पट्टीवर कुष्ठरोगाचे जंतू शोधतात, दुसरीवर लेश्मानिया, म्हणजे कालाजाराचे परजीवी. सोबत गाठीचा छोटा तुकडा बायोप्सीला आणि सोय असेल तिथे पीसीआर, म्हणजे परजीवीच्या जनुकांची तपासणी. दुसरी पट्टी रंगवायची हे प्रयोगशाळेला कुणी सांगितलंच नाही तर कोण रंगवणार?

रक्ताच्या झटपट चाचणीबद्दल एक सावधगिरी. आरके 39 नावाची पट्टी असते. कालाजार होऊन गेलेल्या माणसात ती बरा झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येते, म्हणून तेवढ्यावरून ‘आजार उलटला’ असं म्हणता येत नाही. आणि एचआयव्हीत ती कधी खोटी निगेटिव्हही येते. कुणी फक्त ही पट्टी करून ‘काही नाही’ किंवा ‘सगळं आहे’ म्हणालं तर पुढच्या तपासण्यांचा आग्रह धरा.

आता शपथेचं. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला.

तुमच्या मनात दोनच वाटा आहेत: शपथ पाळायची आणि डाग वाढू द्यायचे, किंवा शपथ मोडून त्यांच्या पाठीमागे डॉक्टरांना गाठायचं. दुसरी वाट मी सुचवणार नाही. एचआयव्हीची माहिती ज्याची त्याने सांगायची असते. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो 2018 च्या सप्टेंबरपासून लागू आहे, त्याचा गाभाच तो आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसाने चार वर्षं एकही गोळी चुकवली नाही त्याचा भरवसा असा मोडू नये.

पण तिसरी वाट आहे, आणि ती तुमच्या दारातच आहे. एआरटी केंद्र. तिथे एचआयव्ही आधीच माहीत आहे, तिथे लपवायचं काही उरलेलंच नाही. दर वेळी गोळ्या आणायला जातात तेव्हा ते चेहऱ्याला रुमाल बांधून जातात असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी रुमाल काढून तिथल्या डॉक्टरांना एवढंच सांगायचं: ‘चार वर्षांपूर्वी कालाजार झाला होता, आता हे डाग आलेत.’ शपथ शाबूत राहते आणि दोन्ही अर्ध्या गोष्टी एका कागदावर येतात. त्यांच्याकडून मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागासाठी चिठ्ठी घ्या. जाताना सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि व्हायरल लोड (रक्तातले विषाणू) यांचे ताजे आकडे, रक्ताची साधी तपासणी आणि प्लीहेसाठी पोटाची सोनोग्राफी, एवढं हातात असू द्या.

त्वचारोग विभागात पुन्हा एचआयव्ही सांगायचा की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. माझं मत विचाराल तर सांगावं, कारण औषध कोणतं, किती, किती दिवस हे त्यावर ठरतं. डॉक्टरांवर ते गुप्त ठेवण्याचं बंधन आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं बेकायदा आहे. सांगायचं कसं हे सुचत नसेल तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर आधी बोलून बघा. आणि हो, एचआयव्ही त्यांना कुठून आला, हा प्रश्न तुम्ही एका ओळीत लिहून खोडलाय. खाडाखोड पाठीमागून वाचता येते. तुम्ही खोडलात, मीही खोडलेलाच ठेवते. डागांसाठी त्याच्या उत्तराची गरज नाही.

मलम मात्र आजच बंद करा, त्यात कोणतं औषध आहे हे ट्यूबवर वाचेपर्यंत तरी. गोऱ्या डागावर, काळ्या डागावर, गजकर्णावर एकच ट्यूब देतात आणि बऱ्याचदा त्यात तगडं स्टेरॉइड असतं. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती आणखी दाबतं आणि डागांचं रूप बदलून टाकतं. मग बघणाऱ्यालाही काही कळेनासं होतं. एआरटीच्या गोळ्यांना मात्र हात लावायचा नाही. डाग त्या गोळ्यांमुळे आलेत असं शेजारीपाजारी कुणी म्हटलं तरी नाही.

निदान तेच निघालं तर? सुदानमध्ये असे डाग बऱ्याच जणांचे आपोआप जातात, आपल्याकडचे सहसा जात नाहीत, औषध घ्यावंच लागतं. नेहमीच्या रुग्णाला मिल्टेफोसिनच्या कॅप्सूल देतात. मोठ्या माणसाला सकाळ-संध्याकाळ पन्नास मिलिग्रॅम, बारा आठवडे, जेवणानंतर. उलट्या, जुलाब होतात, पहिल्या पंधरवड्यात माणूस कंटाळतो. डोळे लाल झाले, दुखले, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर औषध थांबवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. या औषधाने डोळ्यांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हे पत्र वाचणारी एखादी बाई स्वतः रुग्ण असेल तर तिने गर्भाचा विषय डॉक्टरांकडे आधी काढावा, कारण मिल्टेफोसिन पोटातल्या बाळाला घातक आहे; औषध चालू असताना आणि त्यानंतरही काही महिने दिवस राहता कामा नयेत. एचआयव्ही असलेल्याला नुसत्या कॅप्सूल पुरतील की शिरेतून अँफोटेरिसिन हे औषधही द्यावं लागेल, हे प्लीहा आणि रक्ताचे अहवाल बघून जाणकारांनी ठरवायचं. डाग लगेच जात नाहीत. गाठी आधी बसतात, रंग मात्र हळूहळू, कधी वर्षाने भरतो. बाराव्या आठवड्याला आरशात बघून ‘गुण आला नाही’ म्हणू नका.

थांबायचं नाही असं कधी? पुन्हा ताप येऊन दोन आठवडे हटला नाही, डाव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, वजन उतरलं, चेहरा पांढुरका पडला, नाका-हिरड्यांतून रक्त आलं, तर छठ नाही, पगाराचा दिवस नाही, थेट मोठं रुग्णालय. एचआयव्हीत कालाजार उलटणं सर्रास घडतं.

आणि आता गावी जाण्याचं. तुम्हाला वाटतंय ते गेले की नवीन आजार घेऊन येतील. मला उलटी बाजू आधी दिसते. डागांत परजीवी असतात. वाळूमाशी त्यांना चावली तर तिच्यातून गावातल्या दुसऱ्या कुणाला कालाजार होऊ शकतो. नुसते सपाट डाग असलेल्यांकडूनही माशीला लागण होते, हे बांगलादेशात तपासून पाहिलं गेलंय. 1992 मध्ये देशात 77,102 रुग्ण आणि 1,419 मृत्यू नोंदले गेले होते. आता वर्षाला काही शेकडे उरलेत. एवढा आटलेला आजार परत पेटायला असे न दुखणारे, न खाजणारे, उपचाराविना फिरणारे डाग पुरतात. म्हणून तिथली सरकारी यंत्रणा अशा रुग्णाला शोधत फिरते, औषध फुकट देते आणि उपचार पूर्ण केल्यावर चार हजार रुपयेही देते.

म्हणजे गावची वाट बंद करण्यापेक्षा तिचाच उपयोग करा. इथे निदान अडलं किंवा औषध मिळेना, तर पाटण्याला आगमकुआँला राजेंद्र स्मारक संशोधन संस्था आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. कालाजारात तिचा हात धरणारं कुणी नाही. एचआयव्ही आणि कालाजार एकत्र असलेल्यांना अँफोटेरिसिन अनेक डोसांत विभागून आणि सोबत चौदा दिवस मिल्टेफोसिन देण्याची जी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये आपल्या भागासाठी सुचवली, तिची चाचणी तिथेच झाली. छठला निघतीलच, तर चार दिवस आधी निघून पाटण्याला उतरावं, तपासणी करावी, मग गावी जावं.

गावात असताना संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे, झोपताना औषध मारलेली बारीक जाळीची मच्छरदाणी, गोठ्याशेजारी किंवा मातीच्या जमिनीवर न झोपणं. फवारणीवाले आले तर आतली खोलीही फवारू द्यायला सासूबाईंना सांगा. देवघर, धान्याची कोठी म्हणून लोक परत पाठवतात, आणि माशी नेमकी तिथेच असते. घाटावर उघड्या अंगाने पाण्यात उभं राहून अर्घ्य द्यायचं म्हटल्यावर छातीवरचे डाग सगळ्या गावाला दिसणार, ही त्यांची धास्ती असेल. ती मला कळते. पण त्या घाटावर ते डाग ओळखणारी माणसं आपल्या कॉलनीपेक्षा जास्त असतील.

अशीच पत्रं मला आणखी दोघांची आली होती: एकाचं मूत्रपिंड बदललेलं, दुसऱ्या बाई सांधेदुखीसाठी बरीच वर्षं स्टेरॉइडवर. दोघांचाही बिहारशी जुना संबंध. त्यांनाही हेच लागू आहे. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली असेल तरी जुना कालाजार, अगदी कधी लक्षातही न आलेला, डोकं वर काढू शकतो. आणि ज्यांच्या हाताखाली तिकडचे कामगार आहेत त्यांनी एखाद्याच्या चेहऱ्यावर असे डाग पाहिले तर त्याला कामावरून काढण्याआधी गाव कुठलं आणि कधी लांबलेला ताप आला होता का, एवढं विचारून दवाखान्यात पाठवावं.

तुमच्या पत्रात शेवटी आहे की पाटण्याचं डिस्चार्ज कार्ड कपाटात साड्यांच्या खाली, कुणाच्या हाती लागू नये म्हणून ठेवलंय. ते आधी काढा. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती डोस, हे त्यावर असतं. एका डोसात भागवलं होतं की विभागून दिलं होतं, हे पुढच्या डॉक्टरांना पाहावं लागेल. दोन झेरॉक्स काढा: एक एआरटी केंद्राच्या फाइलला, एक प्रवासाच्या बॅगेत. शाई उडाली असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा, आणि तारीख वाचता येत नसेल तर मिस्टरांनाच विचारा. तो दिवस त्यांना आठवत असेल.